सामुराई, धनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची निष्ठा

मॅनेजमेंटच्या व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. सामुराई धन्यासाठी हसत मरत, धन्याचा सूड घेणं हा त्यांचा हजार वर्षांचा धर्म, सत्तेचाळीस रोनिन (धनी गमावलेले सामुराई) हा त्याचा पुरावा आणि जपानी सिनेमा म्हणजे या स्वामिनिष्ठेची आरती. शेवटी ठरलेला सवाल: तुम्ही कंपनीशी इतके एकनिष्ठ आहात का?

आधी ती हजार वर्षं. १५८२ साली ओदा नोबुनागा या जपानमधल्या सर्वांत बलाढ्य सरदाराला क्योतोच्या होन्नो-जी देवळात घेरलं ते त्याच्याच सरदारानं, आकेची मित्सुहिदेनं. त्या धामधुमीत धनी बदलणं नवलाचं नव्हतं. सामुराईंची आचारसंहिता म्हणून जगभर पोचलेला ‘बुशिदो’ हा ग्रंथ तर १९०० च्या सुमारास इनाझो नितोबे यांनी अमेरिकेत बसून, इंग्रजीत लिहिला. आणि लेखक धर्मानं ख्रिस्ती.

आता रोनिन. १७०१ मध्ये आको संस्थानच्या असानो या सरदारानं एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर वार केला आणि त्याच दिवशी त्याला पोट फाडून घ्यावं लागलं. पावणेदोन वर्षांनी त्याच्या माणसांनी किराचं मुंडकं सेनगाकु-जी देवळात धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. इथवर खरं. पण असानोच्या पदरी माणसं होती तीनशेच्या आसपास. खाल्ल्या मिठाला जागले ते सत्तेचाळीस. शिवाय असानोचा जीव घेतला शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, हुकमानं, किरानं नव्हे. मग सूड कसला, असं त्या काळच्या पंडितांनीच विचारलं होतं. ‘सामुराईचा मार्ग म्हणजे मरण’ म्हणणारा ‘हागाकुरे’ या सामुराईंवरच्या ग्रंथाचा कर्ता यामामोतो त्सुनेतोमोसुद्धा नाक मुरडतो: इतकं थांबलात, मधेच किरा आजारानं गेला असता तर?

सिनेमाबद्दल एक कबूल करायला हवं. रोनिनांची कथा मूकपटांपासून असंख्य वेळा पडद्यावर आली आणि त्यात आरत्या भरपूर आहेत. युद्धकाळात सरकारलाही तेच हवं होतं. पण मिझोगुचींनी १९४१-४२ मध्ये त्यावर जवळजवळ चार तासांचा चित्रपट केला आणि त्यात किराच्या वाड्यावरचा हल्लाच दाखवला नाही! तो कळतो पत्रातून. कुरोसावांच्या सात सामुराईंना तर धनीच नाही. ते लढतात शेतकऱ्यांसाठी, पोटभर भाताच्या बोलीवर.

खरी आरती बघायची असेल तर कोबायाशींचा १९६२ चा ‘हाराकिरी’ बघा. हे कोबायाशी स्वतः सक्तीनं सैन्यात गेलेले, तिथं बढती नाकारून साधे शिपाईच राहिलेले. काळ १६३० चा. चाकरी गेलेले रोनिन बड्या घराण्यांच्या दारात येतात, ‘तुमच्या अंगणात पोट फाडून घेऊ द्या’ म्हणतात आणि चार नाणी घेऊन जातात. ई घराणं ठरवतं, एकाला अद्दल घडवायची. मोतोमे नावाचा पोरगा सापडतो. घरी बायको आजारी, तान्हं मूल तापानं फणफणलेलं. तलवारीचं पोलाद कधीच विकलेलं, म्यानात नुसता बांबू. थोडी मुदत मागतो, मिळत नाही. त्याच बांबूनं पोट फाडायला लावतात. बांबू कातडीत शिरत नाही. पोरगा त्यावर अंगाचा सगळा भार टाकतो. हे बघताना मी मान फिरवली होती.

मग येतो त्याचा सासरा, हान्शिरो. सूड तोही घेतो, पण धन्याचा नाही. जावई आणि नातवाचा. त्याहून जिव्हारी लागतं ते वेगळंच: मोतोमेनं तलवार विकली आणि आपल्याला ते सुचलंसुद्धा नाही, म्हणून हा माणूस स्वतःच्याच तलवारीवर चिडतो. शेवटी तो घराण्याच्या पूर्वजांचं पोकळ चिलखत उचलून आपटतो. दप्तरात मात्र नोंद होते की त्यानं रीतसर पोट फाडलं आणि त्याच्या हातून मेलेली घराण्याची माणसं आजारानं गेली. चिलखत पुन्हा जागेवर.

राहिली कंपनी. तादाशी इमाईंच्या १९६३ च्या चित्रपटात (बर्लिनला गोल्डन बेअर मिळालेला) एकाच घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या धन्यांपायी कशा नागवल्या जातात ते दिसतं. शेवटची पिढी म्हणजे तेव्हाचा नोकरदार. कंपनीपायी तो होणाऱ्या बायकोला दुसऱ्या कंपनीचे कागद चोरायला लावतो आणि ती जीव द्यायला निघते. व्याख्यानात हा दाखवायला हरकत नाही.