एका भोरडीसाठी

उत्तर समुद्रातून ऑक्टोबरात बोटीनं जायचं असेल तर पोट रिकामं ठेवावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्कॉटलंडच्या अबर्डीनहून संध्याकाळी निघालेली बोट सकाळी शेटलंड बेटांच्या लर्विक बंदराला लागली, तेव्हा मात्र ते पूर्ण रिकामं झालेलं होतं.

हा सगळा उपद्व्याप ऑफिसातल्या पक्षिवेड्या स्कॉटिश मित्राचा. ‘पूर्वेचा वारा सुटलाय’ हे तो आठवडाभर अशा आवाजात सांगत होता, जसं आपल्याकडे ‘मान्सून केरळात आला’ सांगतात. हा वारा सुटला की वाट चुकलेले पक्षी इथं येऊन पडतात. बेटावर झाडं जवळजवळ नाहीत. वारा आणि मेंढ्या ती वाढूच देत नाहीत. मग कुणाच्या परसात चार झुडपं दिसली की दमलेला पक्षी तिथंच उतरतो आणि मागोमाग दुर्बिणीवाली पंधरा माणसं कुंपणाबाहेर उतरतात. आमच्या मंगळवेढ्यात कुणाच्या परसाकडे असं टक लावून उभं राहिलं तर आधी कुत्रं सोडतील. इथं घरातल्या आजींनी चहा आणून दिला.

पाऊस वरून पडत नव्हता, आडवा चालला होता. छत्री पहिल्याच मिनिटाला ग्रीनलंडच्या रोखानं गेली. दोन तासांत मी एक दगड, एक मेंढीची शेपटी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी पक्षी म्हणून जाहीर केली. तिसऱ्या वेळी कुणी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि सगळे चिखलातून पळत सुटले. दोन शेतं पलीकडे, काळ्या स्थानिक स्टारलिंग पक्ष्यांच्या घोळक्यात एक मातकट, पिवळ्या चोचीचं पोर दाणे टिपत होतं. ‘रोझी स्टारलिंग!’ मित्राचा आवाज कापरा झाला. मी दुर्बीण लावली आणि माझा दुसरा हात आपोआप दगड शोधायला लागला.

भोरडी! ज्वारी दाण्यात आली की हजारोंनी येणारी, आणि जिच्यापायी माझ्या सगळ्या शाळकरी सुट्ट्या शेतातल्या माळ्यावर गोफण फिरवण्यात आणि डबा बडवण्यात गेल्या, ती भोरडी. मध्य आशियातून आमच्याकडे यायचं सोडून ही बया उलटी इकडे आली होती.

‘तू याआधी पाहिलीस?’ मित्रानं विचारलं.

‘पाहिली? वीसेक हजार तरी हाकलल्या असतील. गोफणीनं.’ गोफण म्हणजे काय हे मी हातवारे करून समजावलं. त्यानंतर माझ्या दोन्ही बाजूंना बरीच मोकळी जागा झाली.

रात्री अप्पांना फोन केला. तेरा तास बोट, भिजणं, सगळं सांगितलं.

‘एकच हुती?’ अप्पा म्हणाले.

‘एकच.’

‘एकटी कवा येती व्हय ती? मागनं थवा असंल. नीट बघ.’

आणि मी खरंच खिडकीशी जाऊन पूर्वेकडे बघून आलो.