चव कमी झाली म्हणून मीठ दुप्पट? त्या फॉरवर्डला उत्तर

‘पंचेचाळिशीनंतर जिभेवरच्या रुचिकलिका मरतात, पुन्हा येत नाहीत. म्हणून ज्येष्ठांच्या ताटात मीठ-साखर दुप्पट करा. शरीर मागतं तेच त्याला हवं असतं. तहान नसेल तर पाण्याचा आग्रह नको.’ वर जिभेचा रंगीत नकाशा, खाली ‘सर्वांना पाठवा’. हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आता मिठाची डबी तिच्या ताटाशेजारीच मुक्कामाला आहे. म्हणून हा खटाटोप.

नकाशाचं आधी उरकतो. टोकाला गोड, मागे कडू ही समजूत १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून पसरली. सगळ्या चवी जिभेवर रुचिकलिका असतील तिथे सगळीकडे कळतात. संपलं.

रुचिकलिकांमधल्या पेशी मरतात, हे खरं. पण त्या तान्ह्या बाळाच्याही मरतात आणि साधारण दहा-पंधरा दिवसांत नव्या येतात. उतारवयात हे काम मंदावतं, खारट-कडू थोडं उशिरा कळतं, एवढं मान्य करावंच लागेल. पण पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला जीभ संपावर जात नाही.

आता ते मीठ. ज्येष्ठांना जेवण सपक लागतं त्याला बहुतेक वेळा जिभेपेक्षा नाक जास्त जबाबदार असतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी ५ ते ९९ वयाच्या सुमारे २,००० लोकांची वास ओळखण्याची चाचणी घेतली. ‘सायन्स’मध्ये १९८४ साली ती छापून आली. ६५ ते ८० वयोगटात निम्म्याहून जास्त लोकांची वासाची जाण बरीच उणावलेली होती, ऐंशीनंतर तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांची. पटत नसेल तर साखरेत दालचिनीची पूड मिसळा, नाक घट्ट दाबा आणि चिमूटभर तोंडात टाका. नुसतं गोड लागेल. नाक सोडा, दालचिनी हजर! जे नाकातून गेलंय ते मिठाने कसं परत येणार? उलट रक्तदाब वाढेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, तेही सगळं धरून. वाढवायचाच असेल तर पदार्थाचा वास वाढवा, आंबटपणा वाढवा.

आणि चव अचानक गेली असेल तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. काही प्रतिजैविकं, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या चव बिघडवतात; कोरडं तोंड, जस्ताची कमतरता, विषाणूचा आजार हीही कारणं असतात. वास जाणं हे पार्किन्सनचं फार आधीचं लक्षणही असू शकतं. गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर त्याचाही फॉरवर्ड निघायचा.

‘शरीर मागतं तेच हवं’ म्हणे! मग लहान मुलांना दिवसभर साखरच द्यावी लागेल. मोठेपणी कडू कॉफी आवडू लागते ती सवयीने. मिठाचंही तसंच: कमी केलं की काही आठवडे अळणी लागतं, मग पूर्वीचंच खारट वाटू लागतं.

पाण्याचा सल्ला तर सरळ उलटा. उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते, त्यामुळे तहान लागण्याची वाट पाहिली तर शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर भांडं हाताशी ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत राहा.