विज्ञानकथेचा पुरस्कार वाचकांनी द्यावा, आणि तो कोल्हापुरातून द्यावा

जयंत नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ ला इथं जन्मले, मे २०२५ मध्ये गेले. ते गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटसला फोटो ठेवले. आता त्यांच्या नावाचा चौक हवा, पुतळा हवा, अशी मागणी कुणी करेल. माझी मागणी वेगळी आहे. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं एक संमेलन या गावात दरवर्षी भरावं. वर्गणी वाचकांची, राबणूक वाचकांची आणि पुरस्कारही वाचकांच्याच मतावर.

जगात हे कित्येक दशकं चाललंय. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासह छापून यायची. त्या पत्त्यांवर पोरं एकमेकांना लिहायला लागली, मंडळं निघाली, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथेचं जागतिक संमेलन भरलं. माणसं जेमतेम दोनशे. त्यात पुढं मोठे विज्ञानकथाकार झालेले दोघं होते: एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमोव्ह आणि अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी. भांडणंही पहिल्याच दिवसापासून! विरोधी गटातल्या सहा जणांना आयोजकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. पुढं महायुद्धामुळं १९४२ ते १९४५ संमेलन भरलंच नाही, १९४६ ला मंडळी पुन्हा जमली.

पुरस्कार सुरू झाले १९५३ मध्ये, फिलाडेल्फियात. गर्न्सबॅक यांच्या नावावरून त्यांना ह्यूगो म्हणतात. पहिल्या वर्षी कादंबरीचा मान आल्फ्रेड बेस्टर यांच्या 'द डिमॉलिश्ड मॅन'ला मिळाला. मला मात्र त्या वर्षीचा दुसराच माणूस जास्त आवडतो. सन्मानचिन्ह म्हणून रॉकेट द्यायचं ठरलं. मोटारीच्या बॉनेटवरचं रॉकेट वापरून बघायचा विचार झाला, पण ते जमेना. मग जॅक मॅकनाइट नावाच्या त्यांच्यातल्याच एका मशिनिस्टनं ती रॉकेटं स्वतः मशीनवर बनवली. या कामापायी त्याचं निम्म्याहून जास्त संमेलन हुकलं. उद्यमनगरात ज्यानं लेथवर रात्रपाळी काढलीय, त्याला या माणसाची तळमळ वेगळी सांगावी लागणार नाही. पुढच्या वर्षीच्या समितीनं पुरस्कार दिलेच नाहीत, १९५५ पासून ते परत सुरू झाले.

कारभार असा: दरवर्षी शहर नवं, समिती नवी. शहर कुठलं, हेही सभासदच मतानं ठरवतात. वर्गणी भरली की नामांकन आणि मत, दोन्हीचा हक्क. यायला जमत नसेल तर कमी वर्गणी भरून घरबसल्या मत देता येतं. मतपत्रिकेवर पसंतीचा क्रम लावायचा आणि प्रत्येक विभागात एक पर्याय कायम असतो, 'कुणालाच नको'.

लोक म्हणतात, वाचकांवर सोपवलं की गट पडणार, एकगठ्ठा मतं पडणार. पडतातच. २०१५ मध्ये संगनमतानं याद्या फिरवून नामांकनं बळकावली गेली. सभासदांनी काय केलं? पाच विभागांत 'कुणालाच नको' निवडलं आणि पुढं नामांकन मोजायची पद्धत बदलून घेतली. २०२३ मध्ये चीनमधल्या चेंगडूला त्याहून वाईट झालं. मतं असूनही काही साहित्य कारण न देता अपात्र ठरवलं होतं. पण आकडे जाहीर करायचा नियम होता म्हणूनच ते उघड झालं. २०२४ ला ग्लासगोच्या समितीनं ३७७ संशयास्पद मतं बाद केली आणि निकालाआधीच तसं जाहीर सांगितलं. बंद खोलीतल्या परीक्षकांचे किती पुरस्कार इतका हिशेब देतात?

परीक्षकांना माझा विरोध नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेनं मराठी विज्ञानकथेसाठी फार मोठं काम केलंय. १९७४ मध्ये नारळीकरांनी तिथं 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिला नंबर आला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावावर बक्षीस नको म्हणाला! २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा विज्ञानकथेला तिच्या हक्काची जागा मिळाल्यासारखं वाटलं होतं. पण एका अध्यक्षपदानं वाचक तयार होत नाहीत. वाचकांना एकत्र बसायला जागा लागते, भांडायला निमित्त लागतं.

म्हणून १९ जुलै. एक दिवस, शाहू स्मारकसारखा एखादा हॉल. वर्षभरातल्या दिवाळी अंकांतल्या आणि पुस्तकांतल्या विज्ञानकथांची यादी आधी सगळ्यांना जाईल. वर्गणी अशी ठेवू की कॉलेजच्या पोरालाही परवडेल आणि गडहिंग्लज, गारगोटीतून येता आलं नाही तर टपालानं किंवा फोनवरून मत देता येईल. प्रायोजक नको. मतांचा सगळा हिशेब त्याच दिवशी भिंतीवर लावायचा. 'कुणालाच नको' हा रकाना पहिल्या वर्षापासून हवा, मग भले पहिल्याच वर्षी तो जिंकू दे. सन्मानचिन्ह उद्यमनगरात बनवून घेऊ.

यादी करायला चार-पाच वाचणारी माणसं हवीत. जे तयार आहेत त्यांनी कळवा, पहिली बैठक या महिन्यातच घेऊ.