‘कुठलंही ब्रेक ऑइल चालतं’ हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

माझा भाचा टेक्सासमध्ये घरच्या गॅरेजात दोन आसनी विमान बांधतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, असं केलं तर?" त्यातले दावे असे: विमानाच्या ब्रेकचं लाल तेल ही निव्वळ लूट आहे; गाडीचं डॉट-४ हे ब्रेक ऑइल जास्त उष्णता सोसतं; रबर ते रबर, सीलला काही होत नाही; आधीच्या लाल तेलातच डॉट-४ ओतलं तरी चालतं; नळ्याही गाडीच्याच घ्या.

अजिबात चालत नाही. हजारो जणांना असलं काही पाठवण्याआधी ब्रेक बनवणाऱ्याचं माहितीपत्रक तरी उघडायचं होतं.

सगळ्यात घातक आहे ते "रबर ते रबर". क्लीव्हलँड या कंपनीच्या ब्रेकमध्ये, आणि अशा विमानांवरच्या इतर बऱ्याच ब्रेकमध्ये, नायट्राइल या कृत्रिम रबराच्या ओ-रिंगा, म्हणजे तेल अडवणारी गोल सील, असतात. त्या ५६०६ या लाल खनिज तेलासाठी बनवलेल्या. डॉट-३ आणि डॉट-४ ही ग्लायकॉलची तेलं. गाडीत त्यांच्यासाठी ईपीडीएम या वेगळ्या रबराची सील असतात. नायट्राइलला ग्लायकॉल मानवत नाही. रिंग फुगते, मऊ पडते. मग पिस्टन मागे सरकत नाही, ब्रेक घासत राहतो आणि तापतो. नाहीतर रिंग कापली जाऊन तेल गळतं. ईपीडीएमला खनिज तेल लागलं तर तेही असंच, बेसुमार फुगतं. हे एका रात्रीत होत नाही, म्हणून "मी कधीचं वापरतोय, काही झालं नाही" म्हणणारे भेटतात.

आणि गाडीसारखं इथे एका पेडलने चारही चाकं थांबत नाहीत. भाच्याच्या विमानाचं पुढचं चाक मोकळं फिरणारं आहे. जमिनीवर हळू जाताना वळायचं तेच मुळी डाव्या किंवा उजव्या ब्रेकने. डावा ब्रेक गेला आणि थांबण्यासाठी दोन्ही पेडल दाबली, की विमान उजवीकडे ओढलं जाणार. तिथे गटार असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाचं विमान.

तेलात तेल मिसळण्याबद्दल अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, एअरफ्रेम हँडबुक वाचा, हायड्रॉलिक्सचं प्रकरण. एका जातीच्या द्रवाची सील दुसऱ्या जातीला चालत नाहीत. चुकीचा द्रव पडला तर लगेच सगळा काढा, यंत्रणा धुवा आणि सीलबाबत उत्पादक सांगेल तसं करा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. याच्यापुढे फॉरवर्डची काय किंमत?

उष्णतेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. ५६०६ पेट घेऊ शकतं. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास. पण त्यावर उपाय ८३२८२ हे तेल: तेही लाल, त्याच नायट्राइल सीलना चालणारं, फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर. उलट डॉट-४ हवेतला ओलावा शोषतं. कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा धरल्यावर ही किमान मर्यादा १५५. हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या विमानात हे विसरून चालत नाही. काही हलक्या विमानांचे ब्रेक मुळातच डॉट-४ साठी बनवलेले असतात, हेही खरं. तिथे डॉट-४च घालायचं, लाल तेल नाही.

लुटीचं म्हणाल तर या ब्रेकना तेल लागतंच किती! एक बाटली पुरून उरते.

नळ्यांचं थोडक्यात. गाडीच्या ब्रेक होजचं आतलं रबर सहसा ग्लायकॉलसाठीचं, लाल तेलात फुगणारं. शिवाय नळी जिथे जोडतात तिथे विमानाच्या एएन प्रकारच्या फिटिंगचा कोन ३७ अंश, गाडीच्या नळीच्या पसरट तोंडाचा (फ्लेअरचा) ४५. आवळून बसवलं तरी गळणारच. प्लास्टिकची नळी मधल्या टप्प्यात बरेच जण वापरतात, पण तापलेल्या डिस्कजवळ ती नको. भाच्या, कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापाशी, आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेली होज घे. टेफ्लॉनला दोन्ही तेलं चालतात.

आणि डॉट-४ ओतून झालं असेल, तर आत्ता इंजिन सुरू करू नकोस. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग) आणि कॅलिपर उघड, सगळ्या ओ-रिंगा फेकून दे, दिसायला धड असल्या तरी.