थकबाकीदारांचा वसुली अधिकारी

सोसायटीत दोनदा पडलात, बाजार समितीत सूचक मिळाला पण अनुमोदक ऐनवेळी तापानं फणफणला, दूध संघाच्या पॅनेलमधून आदल्या रात्री नाव उडालं. हरकत नाही भाऊ. तुमच्यासारख्यांसाठी जगात याहून मोठ्या जागा आहेत. प्रादेशिक मानवी हक्क आयोग म्हणतात त्याला, म्हणजे सरकारांनी माणसांचे हक्क तुडवले तर तक्रार ऐकणारं अनेक देशांचं मिळून मंडळ. अमेरिका खंडाचा आहे, आफ्रिकेचा आहे, युरोपात तर अख्खं न्यायालयच आहे. मी चोपडा तालुक्यात गटसचिव म्हणून जन्म काढला. पॅनेलं बांधताना पाहिली, फुटतानाही पाहिली. या मंडळांचे नियम वाचले आणि जीव भांड्यात पडला. ही तर आपलीच सोसायटी, फक्त कपबशा बऱ्या.

आधी पात्रतेचं बघू. अमेरिका खंडाच्या करारात लिहिलंय की सदस्य उच्च नैतिक चारित्र्याचा आणि मानवी हक्कांतला मान्यवर जाणकार हवा. आफ्रिकेची सनद त्याच्याही वरताण: सर्वोच्च लौकिक, नीतिमत्ता, सचोटी, निःपक्षपातीपणा. घाबरू नका. मुलाच्या बायोडाट्यात आपण 'निर्व्यसनी' लिहितो ना, त्यातलाच प्रकार. नैतिकतेचा दाखला कुठल्याच तहसील कचेरीत मिळत नाही, म्हणून तो कुणी मागतही नाही. खरी मेख पुढे आहे. तिथे आपला फॉर्म आपण भरायचा नसतो, नाव सरकारनं पाठवावं लागतं. सूचक सरकार, अनुमोदकही सरकार. मग तुमची सगळी विद्वत्ता एका प्रश्नावर येऊन थांबते, जो आमच्या सोसायटीच्या ओट्यावर नव्या उमेदवाराला पहिला विचारतात: "तू कोना माणूस शे?" 'कोणाचाच नाही' असं उत्तर दिलंत तर सनदेच्या हिशेबानं तुम्ही अगदी लायक उमेदवार, आणि घरी बसायलाही मोकळे.

अमेरिका खंडाच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या आयोगात सात जागा. मुदत चार वर्षांची, पुन्हा एकदाच निवडून येता येतं. एका सरकारला तीन नावं देता येतात, आणि तीन दिलीच तर त्यातलं एक तरी परक्या देशाच्या माणसाचं हवं. नियम करणाराची ही भाबडी हौस. 'देता येतात' लिहिलंय, 'द्यावीत' नाही, म्हणून सरकारं सहसा एकच नाव देऊन मोकळी होतात. मतदान गुप्त. पण गुप्त मतदान म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तू माझा माणूस या आयोगावर घे, मी तुझा त्या समितीवर घेतो, अशी मतांची उसनवारी तिथेही चालते. साहेबलोक सुटाबुटात करतात, एवढंच.

आमची उसनवारी शेतात होते. डिसेंबरात, थंडी पडली की. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली, सालं काळी होऊन तडकताहेत, एक जण मिरच्या ठेचतोय, एक जण कळण्याच्या पुऱ्यांचं पातेलं राखत बसलाय. अशा एका भरीत पार्टीला मी होतो. तेरा जागांची यादी केळीच्या पानाच्या तुकड्यावर बॉलपेननं लिहिली होती. वाढणाऱ्या पोरानं त्यावरच भरीत वाढलं. पानाबरोबर दोन नावं गेली, ती शेवटपर्यंत कुणाला आठवली नाहीत आणि त्या जागी आलेले दोघं बिनविरोध झाले. त्यातल्या एकानं पुढे पाच वर्षं फार चांगला कारभार केला, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे एक कटकट मात्र असते. सहकार कायद्यानं थकबाकीदाराला संचालक होता येत नाही. छाननीच्या दिवशी भलेभले धुरंधर बेबाकीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायरीवर बसलेले मी पाहिलेत, मिशीला घाम फुटलेला. तिकडे ही भानगडच नाही. ज्याच्या तुरुंगात माणसं विनाचौकशी सडताहेत त्या सरकारचंही एक मत, आणि ते बाकीच्यांच्या मताएवढंच जड. उमेदवार तेच देणार, मतंही तेच टाकणार. थकबाकीदारांनी वसुली अधिकारी निवडायचा! आता तुम्हीच सांगा, कसला माणूस निवडतील? दारात उभं राहून सात-बारा मागणारा, की ओसरीवर चहा घेऊन "आबा, पुढच्या हंगामाला बघू" म्हणणारा? तुम्हाला दुसरा व्हायचंय. आजपासून चहा प्यायची सवय करा.

आफ्रिकेच्या आयोगात अकरा जागा, सहा वर्षं, कचेरी गांबियात बांजुलला. तिथे एके काळी पदावरचे मंत्री न् राजदूतही सदस्य असायचे. म्हणजे सकाळी सरकारची बाजू मांडायची आणि दुपारी तिची तक्रार ऐकायची. जाण्यायेण्याचा खर्च वाचायचा. 2005 मध्ये आफ्रिकन युनियननं सरकारांना कळवलं की असली नावं पाठवू नका. चांगल्या चाललेल्या गोष्टीत हात घालायची काहींना सवयच असते.

युरोपच्या वाटेला जाऊ नका. 46 देशांचं ते न्यायालय स्ट्रासबर्गला आहे. प्रत्येक देशानं तीन नावं द्यायचीच, त्या देशांच्या खासदारांची संसदीय सभा मुलाखती घेऊन एक निवडते, मग नऊ वर्षं, पुन्हा नाही. वर यादी पसंत नसली तर परत पाठवतात. माल्टानं तिन्ही पुरुष दिले, सभा अडून बसली, माल्टा म्हणे लायक बाई सापडत नाही. प्रकरण थेट न्यायालयात गेलं आणि 2008 मध्ये न्यायमूर्तींना त्यावर सल्लागार मत द्यावं लागलं. एवढा खटाटोप कशाला? माल्टावाल्यांनी खान्देशातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत एक दिवस बसायला हवं होतं. फॉर्म वहिनींचा, फोटो वहिनींचा, मोबाईल नंबर दादांचा.

जमलं तर आग्नेय आशियात जन्म घ्या. आसियान या तिथल्या देशांच्या संघटनेचा आयोग 2009 चा. मतदानाची झंझटच ठेवली नाही. सरकार आपला माणूस तीन वर्षांसाठी नेमतं, मनातून उतरला तर मध्येच बदलतं, आणि सगळे निर्णय एकमतानं. एकानं मान हलवली नाही की विषय संपला. इंडोनेशिया आणि थायलंड मात्र उघड अर्ज मागवून निवड करतात. त्या दोन देशांत जन्म घेऊ नका.

बायोडाट्यासाठी पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे एक चक्कर टाका. बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारे पावरा लोक भेटतील. झोळीचं पुढचं टोक खांद्यावर घ्या, फोटो निघेपर्यंतच. मागचा माणूस थांबेल, त्याला सवय आहे. झोळीतली बाई कण्हत असेल तर फोटोग्राफरला सांगा, चेहरा तुमचाच येऊ दे. फक्त तिथल्या कुणाला वनहक्काच्या दाव्याचं काय झालं असं विचारू नका. तो 2006 च्या कायद्याचा पोथा घेऊन बसेल, आणि अंधार पडायच्या आत तुम्हाला शहाद्याला परतायचं आहे.

आता राहिली एक बारीकशी अडचण. आपल्या दक्षिण आशियात असला आयोगच नाही. सार्क 1985 पासून आहे, देश आठ, पण सनदेतच लिहून ठेवलंय की निर्णय एकमतानं घ्यायचे आणि दोन देशांमधले किंवा वादाचे विषय चर्चेला आणायचे नाहीत. शेवटची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूला भरली, त्यानंतर सतरंजी उचलली ती उचललीच. आपले थकबाकीदार सगळ्यांहून हुशार निघाले. त्यांनी सोसायटीच काढली नाही.

म्हणून काय झालं? बोर्ड तर आत्ताच लावता येतो. मी परवा फ्लेक्सवाल्याकडे गेलो, पंधरा बाय दहाचा सांगितला. वर नेत्यांचे फोटो, खाली माझा नमस्कार करतानाचा, मध्ये 'भावी सदस्य, प्रादेशिक मानवी हक्क आयोग'. पोरानं सगळं टाईप केलं, मग माऊस थांबवून म्हणाला, "आबा, प्रदेश कोनता लिखू?"

मी जरा विचार केला. म्हटलं, तूर्त नाशिक विभाग टाक.