‘दिवसभर एक बंद गिरणी’: लिंड्सबॉर्ग सहलीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही आई-बाबांना घेऊन कॅन्ससमधल्या लिंड्सबॉर्ग या स्वीडिश लोकांनी वसवलेल्या गावाच्या आमच्या एका दिवसाच्या सहलीला आलात आणि घरी गेल्यावर दोन तारे देऊन सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विचिटाहून सव्वा तास गाडीत बसून एक बंद पडलेली गिरणी पाहिली, अमेरिकेत येऊन स्वीडनची नक्कल कशाला बघायची, एक लाकडी वाडा, चौकाचौकात रंगवलेले घोडे आणि जवळजवळ अख्खी सकाळ गिरणीच्या त्या संग्रहालयात, शाकाहारी माणसाला धड जेवण नाही, आणि एवढ्या पैशांत कॅन्सस सिटी पाहून झाली असती. भारतातून आई-वडील आले की त्यांना कुठे न्यायचं, हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला प्रश्न असतो आणि अशी माणसं तुमचा रिव्ह्यू वाचणार आहेत. म्हणून उत्तरही इथेच देते.

जेवणाचं आधी सांगते. लिंड्सबॉर्ग पावणेचार हजार वस्तीचं गाव आहे, तिथे शाकाहारी पदार्थ मोजकेच मिळतात आणि बुकिंगच्या वेळी आम्ही तसं कळवतो. पण ज्येष्ठ मंडळींची अडचण मला कळते. यापुढे ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी पोळी-भाजीचे डबे विचिटाहूनच सोबत घेऊ.

आता गिरणी. ती बंद पडलेली नाही, ती रोज चालवत नाहीत, एवढंच. स्मोकी हिल नदीच्या काठावर 1898 साली उभी राहिलेली ही पिठाची गिरणी पाण्याच्या जोरावर फिरायची आणि 1955 पर्यंत तिथे धंद्याचं दळण चाललं. मग ती पडून राहिली. गावाने आणि काउंटीने ती मोडीत काढली नाही. 1972 मध्ये ती ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदणीत आली आणि 1981 पर्यंत आतली जुनी यंत्रं दुरुस्त होऊन पुन्हा फिरू लागली. दरवर्षी मेच्या सुरुवातीला मिलफेस्ट हा गिरणीचा उत्सव असतो, तेव्हा ती सुरू करतात. सव्वाशे वर्षांच्या यंत्रांना रोज राबवून झिजवायचं नाही हा संग्रहालयाचा निर्णय मला पूर्ण पटतो.

तुम्ही लिहिलंत की मार्गदर्शक बाई गिरणीतच फार वेळ बोलत राहिल्या. त्या जे सांगत होत्या त्यात कॅन्ससचा निम्मा इतिहास आहे. रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी 1874 च्या सुमारास इथे टर्की रेड नावाचा गहू आणला. थंडीत तग धरणारा, पण दाणा कडक. दगडी जात्यात तो भरडला की कोंड्याचाही चुरा होऊन पिठात मिसळायचा. म्हणून जात्यांच्या जागी लोखंडी रुळांच्या, म्हणजे फिरणाऱ्या दंडगोलांच्या, जोड्या आल्या. आपल्याकडे चक्कीवर गहू वरून ओतला की खाली पीठच पडतं. इथे तोच गहू पट्ट्यावरच्या छोट्या वाट्यांमधून सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो, नळांमधून खाली येतो, रुळांत नुसता फुटतो, पुन्हा वर जातो, चाळला जातो, पुन्हा खाली येतो. प्रत्येक फेरीत रूळ थोडे जवळ आणलेले असतात. कोंडा शेवटपर्यंत मोठ्या पापुद्र्यांत राहतो आणि म्हणून वेगळा काढता येतो. ही उतरंड मजल्यामजल्यावर उभं राहून समजून घ्यायला वेळ लागतो. यंत्र थांबलेलं असतं तेव्हाच जवळ जाऊन विचारता येतं, हेही खरं आहे. तुमचे बाबा पट्ट्यांच्या जोडणीबद्दल विचारत होते तेव्हा मी शेजारीच होते. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत गट थांबला, आणि पुढच्या वेळीही मी असंच थांबवेन.

ज्याला तुम्ही लाकडी वाडा म्हणालात ते स्वीडिश पॅव्हिलियन. 1904 साली सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी स्वीडन सरकारने फर्डिनांड बोबर्ग या वास्तुविशारदाकडून हे घर करून घेतलं. ते स्वीडनमध्ये घडवलं गेलं आणि सुटे भाग जहाजाने आले. त्याच वर्षी लिंड्सबॉर्गच्या बेथनी कॉलेजचे संस्थापक कार्ल स्वेन्सन वारले. स्वीडनमध्ये अमेरिकेचे राजदूत राहिलेल्या डब्ल्यू. डब्ल्यू. थॉमस यांनी हे घर विकत घेऊन स्वेन्सन यांच्या स्मरणार्थ कॉलेजला दिलं, आणि 1905 मध्ये ते रेल्वेने इथे आलं. पुढे कित्येक वर्षं त्यात वर्ग भरले, चित्रकला शिकवली गेली. 1969 मध्ये ते संग्रहालयाच्या आवारात हलवलं आणि 1976 मध्ये स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताव स्वतः तिथे येऊन गेले. त्या प्रदर्शनाच्या बहुतेक इमारती तात्पुरत्या होत्या, प्रदर्शन संपल्यावर पाडल्या गेल्या. हे घर उरलं, कारण एका छोट्या गावाला ते हवं होतं.

घोड्यांबद्दल तुमच्याशी मी अर्धी सहमत आहे. डालाचा घोडा, म्हणजे हा रंगवलेला घोडा, मूळचा स्वीडनच्या डालार्ना प्रांतातला. लिंड्सबॉर्ग वसवणारे बहुतांश लोक स्वीडनच्याच वेर्मलांड या दुसऱ्या प्रांताचे. 1939 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात हा घोडा गाजला आणि मग साऱ्या स्वीडनची खूण झाला. रस्त्यावरचे मोठे रंगीत घोडे हे गावाचं अलीकडचं हौसेचं काम आहे, त्यांच्यासमोर फोटो काढण्यात मी फार वेळ घालवत नाही. पण घोड्यांवरून संग्रहालयाला ‘नक्कल’ म्हणणं मला मान्य नाही.

स्वीडनमध्ये 1867-68 ला लागोपाठ पिकं बुडाली, उपासमार झाली. 1869 मध्ये ओलोफ ओल्सन या धर्मगुरूंच्या मागोमाग वेर्मलांडची कुटुंबं या माळरानावर आली. झाडं नव्हती, लाकूड नव्हतं. कित्येकांनी पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरात काढला. आणि वसाहतीला तेरा वर्षं होतात न होतात तोच, 1882 मध्ये, या शेतकऱ्यांनी हँडेलची ‘मसाया’ ही धार्मिक समूहगायनाची मोठी रचना गायली. ईस्टरच्या आठवड्यातली ती परंपरा आजही चालू आहे. संग्रहालयात ठेवलेली अवजारं, प्रवासाच्या पेट्या, एका खोलीची शाळा, ही या माणसांच्या स्वतःच्या वापरातली आहेत. तंजावरला तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या घरांत आजही मराठी बोलली जाते, मॉरिशसमध्ये मराठी मुलं शाळेत मराठी शिकतात. त्यांच्या मराठीपणाला आपण नक्कल म्हणत नाही. आपलं गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी तर लिंड्सबॉर्गकडे जास्तच लक्ष देऊन पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठीच ही सहल मी सुरू केली. कॅन्सस सिटीला नेणारे पुष्कळ आहेत. तिथे जरूर जा, पण ही सहल तिच्या बदल्यात ठेवलेली नाही.

एका बाबतीत तुमचा रिव्ह्यू उपयोगी पडला. तुम्हाला गाव शांत, रिकामं वाटलं. साध्या शनिवारी ते तसंच असतं, आणि ज्यांना हलतं-बोलतं काही पाहायचं आहे त्यांनी तारीख निवडून यावं हे बरं. मेमध्ये गिरणी फिरते. जूनमध्ये मिडसमर असतो, पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभा करून त्याभोवती लहानमोठे सगळे नाचतात. गावातल्या हायस्कूलची मुलं पारंपरिक स्वीडिश नृत्य वर्षानुवर्षं शिकत आली आहेत, ती तुम्हाला तेव्हा दिसतील. विषम सालच्या ऑक्टोबरमध्ये स्वेन्स्क ह्युल्निंग्सफेस्ट हा उत्सव, 1941 मध्ये पहिल्या वसाहतकारांच्या सन्मानासाठी सुरू झालेला. डिसेंबरमध्ये ल्युसियाचा सण, डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेतलेली मुलगी आणि कॉफीबरोबर केशराचे पाव. माझी स्वतःची निवड विचाराल तर मिलफेस्ट. गिरणी सुरू होते तेव्हा पायाखालची लाकडी जमीन थरथरते, आणि वर सांगितलेली ती सगळी चढउतार डोळ्यांसमोर घडते.

काका-काकू मेपर्यंत इथेच असतील तर मिलफेस्टच्या सहलीत त्या दोघांच्या जागा मी राखून ठेवते, पैसे घेणार नाही. तुम्ही बुकिंग ज्या नंबरवरून केलंत त्यावरच कळवा. काकूंना जिने चढायचा त्रास झाला होता, म्हणून त्या दिवशी तळमजल्यावर त्यांच्यासाठी खुर्ची मागून ठेवीन. मुख्य चाकं आणि पट्टे तिथूनही दिसतात.