लंगोट गळतो आणि बोलणी खाते बाळंतीण

रात्री दोन वाजता दुपटं ओलं, झबलं ओलं, गादीवरचं मेणकापडही ओलं. सकाळी चहाच्या आधीच घरातलं कुणीतरी बोलतं, "कशाला हवंय हे कापडी खूळ? सरळ विकतचे डायपर आणा." आणि टाके अजून भरले नाहीत, सलग तीन तास झोप नाही, अशी बाई निमूट ऐकून घेते. संताप येतो तो याचा. चूक बहुतेक वेळा तिची नसतेच. कापडी डायपर विकणाऱ्याने अर्धी माहिती दिलेली असते आणि उरलेली अर्धी घरातल्या सल्लागारांनी बिघडवलेली असते.

सुरुवात 'जन्मापासून तीन वर्षांपर्यंत एकच साइज' या थापेपासून. आपल्याकडे बाळ जन्मतं अडीच-तीन किलोचं. अशा बऱ्याच डायपरच्या पाकिटावर बारीक अक्षरांत वजन छापलेलं असतं, ५ ते १७ किलो किंवा त्याच्या आसपास. म्हणजे पहिले दोन-अडीच महिने तो डायपर त्या बाळाचा नाहीच! सगळी टिचबटणं शेवटच्या भोकापर्यंत आवळली तरी बारक्या मांड्यांभोवती इलॅस्टिक सैलच राहतं आणि शू सरळ झबल्यावर येते. वर पुढचा काठ बेंबीवर चढतो, तिथली नाळ अजून पडलेली नसते आणि ओलं कापड तिला घासत राहतं. नाळ पडेपर्यंत पुढचा काठ बेंबीच्या खाली दुमडायचा असतो. हे एक वाक्य पाकिटावर छापायला किती शाई लागते?

या महिन्यांसाठी लागतात मलमलीचे साधे चौकोन, ६५ ते ७० सेंटिमीटरचे, आणि वरून नवजात मापाचं, ओल बाहेर न सोडणारं छोटं कव्हर. पुण्यात तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडवर मलमल घ्या, कापा, कडा शिवा, झालं. घडी अशी: चौकोन दोनदा दुमडून चार पदरी लहान चौकोन करा. सगळ्यात वरच्या पदराचं सुटं टोक धरून आडवं ओढा, त्याचा त्रिकोण होतो. सगळं उलटं करा. आता वर आलेल्या चौकोनाच्या कडेने दोन-तीन घड्या मध्याकडे घाला, मधोमध जाड पट्टी तयार होते. पट्टी बाळाच्या दोन पायांमध्ये, त्रिकोणाची टोकं कमरेला. ओलं सगळं पट्टीत, आणि उलगडून धुतलं की पुन्हा एकपदरी कापड. हे आपल्या आज्यांचं लंगोटाचंच तत्त्व आहे, घडी तेवढी जास्त पदरांची. पण मलमलीच्या तुकड्यावर नफा सुटत नाही, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

मग आकडा. 'तीनच्या सेटने सुरुवात करा' म्हणे. नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा बदलावं लागतं. तीन डायपर सकाळी दहाच्या आत संपतात. एक दिवसाआड मशीन लावायचं तर २४ बदल हातात हवेत, आणि दोरीवरचं वाळेपर्यंत सहा-आठ वेगळे. कव्हर मात्र सहा पुरतात, कारण शी लागली नसेल तर कव्हर पुसून पुन्हा वापरता येतं. एवढा साधा हिशोब न सांगता तीन विकायचे, आणि बाईने दुसऱ्या दिवशी कंटाळून विकतच्या डायपरचं पाकीट फोडलं की म्हणायचं, चिकाटी नाही हो हल्लीच्या मुलींना. हे ऐकून डोकं फिरतं.

नवा कोरा डायपर पाकिटातून काढून थेट बाळाला बांधायला सांगणारे तर आणखी वेगळे. सुती किंवा हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंच्या, इन्सर्टमध्ये (डायपरमधली ओल पिणारी पट्टी) तंतूंचं नैसर्गिक तेल आणि कारखान्यातली खळ असते. पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत. नव्या सुती इन्सर्टवर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब तसाच वर गोल बसून राहतो. तो थेंब झिरपायला लागेपर्यंत धुवा, मगच बाळाला बांधा.

आणि मायक्रोफायबर. स्वस्त पॉकेट डायपरबरोबर, म्हणजे इन्सर्ट सरकवायला आत खिसा असलेल्या डायपरबरोबर, जे पांढरं, टॉवेलसारखं इन्सर्ट फुकट येतं ते हेच. पितं झटपट, पण दाबलं की स्पंजासारखं सोडतं. बाळ मांडीवर बसलं, उभं उचललं, गाडीच्या सीटवर बांधलं की बाहेर. आणि ते कातडीला थेट लावायचं नसतं! कातडीची ओल शोषून ती कोरडी, खरखरीत करतं. त्याची जागा पॉकेटच्या आत. तरी कित्येक घरांत ते डायपरवर तसंच ठेवून वापरलं जातं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. चार दिवसांत बूड लाल होतं आणि निष्कर्ष निघतो की बाळाला कापड सोसत नाही.

आता धुणं, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

'बाळाचे कपडे आहेत, पावडर अर्धाच चमचा घाल.' 'रिठ्यानेच धुवा.' 'मऊ राहायला शेवटच्या पाण्यात कंडिशनर टाका.' तिन्ही सल्ले प्रेमापोटीचे आणि तिन्ही चुकीचे. शूमधल्या युरियाचं जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होतं. अर्ध्या पावडरीत किंवा रिठ्याच्या पाण्यात शू पूर्ण निघत नाही, तंतूंत मुरत जाते. मग स्वच्छ दिसणारा लंगोट बांधून दहा मिनिटांत डोळ्यांना झोंबणारा वास येतो. मापाची पूर्ण पावडर घाला आणि जास्तीच्या पाण्यातून खळबळून काढा. कंडिशनर तर तंतूंवर मेणासारखा थर चढवतो. तो थर चढलेलं कापड पाणी पिणार कसं?

तेलाचंही तेच. मालीशवाल्या मावशी भरपूर तेल चोळून, अंघोळ घालून, धुरी देऊन बाळ हातात देतात. मांड्यांच्या वळ्यांत तेल उरतंच. त्यावर लगेच डायपर बांधला की तेल कापडात, आणि रोज थोडं थोडं साचत महिन्याभरात इन्सर्ट वर्षभर जुनं असल्यासारखं वागतं. मालीश बंद करायची गरज नाही. वळ्यांतलं तेल कोरड्या सुती कापडाने टिपा आणि पुढचा अर्धा तास जुना सुती लंगोट बांधा. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं मलम दिलं असेल तर मध्ये जुन्या धोतराची पट्टी ठेवा. आणि धुरीच्या शेगडीवर कव्हर वाळवू नका. कव्हरच्या आतला गुळगुळीत थर प्लास्टिकचा असतो. आच, इस्त्री, उकळतं पाणी यांनी तो सुटतो आणि गळायला लागतो. उकळायचं असेल तर मलमल उकळा.

पाण्याचं तर कुणीच बोलत नाही. पेठांत खडकवासला धरणाचं पाणी येतं, फेस नीट होतो, फारसा प्रश्न नाही. शहराच्या कडेला उंड्री, पिसोळी, वाघोलीकडे सोसायटी टँकरवर नि बोअरवर. काळ्या पाषाणातून उपसलेलं ते पाणी जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम. साबणाच्या वडीशी त्याचं जमत नाही, पांढरा चिकट चोथा होऊन तो कापडावर बसतो. नारायण पेठेतल्या मावशींनी दिलेला 'वडी लावून दोन पाण्यांतून काढ' हा सल्ला वाघोलीत पाळला की लंगोट पापडासारखा कडक. तिथे वडी सोडा. डिटर्जंट पावडर, तीही जड पाण्याचं जे माप पाकिटावर दिलंय त्या मापाने, आणि गरम पाणी.

मशीन असं लावायचं. वापरलेले डायपर हवा लागेल अशा उघड्या टोपलीत कोरडेच ठेवा. बादलीत दोन दिवस भिजत ठेवू नका, वास तिथेच तयार होतो. आधी थंड पाण्याची छोटी फेरी, पंधरा-वीस मिनिटं, कारण गरम पाण्याने शीचा डाग पक्का होतो. मग पावडर घालून मोठी फेरी, सुती इन्सर्ट ६० अंशांवर, कव्हर ४० वर. ड्रम दोन-तृतीयांश ते पाऊण भरलेला. अगदी रिकामा असेल तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, कोंबलेला असेल तर पाणी आत शिरत नाही. फ्रंट लोड मशीन पाणी वाचवतं आणि नेमकं इथेच ते नडतं, म्हणून 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण विसरू नका. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, थेट मशीनमध्ये चालते. वरचं अन्न सुरू झालं की आधी संडासात जेट स्प्रेने उडवायची. जेट तर हल्ली बऱ्याच घरांत असतोच. आणि ते हळदीसारखे पिवळे डाग घासत बसू नका. ओलं असतानाच कडक उन्हात टाका, फिके होत जातात.

ऊन असेल तर. जून ते सप्टेंबर पुण्यात पाच पदरी शिवलेलं इन्सर्ट दोन-दोन दिवस दमट राहतं, कुबट वास मारतं. एकपदरी मलमल पंख्याखाली काही तासांत वाळते. पावसाळी गावासाठी कोणतं कापड योग्य, हे यावरून दुकानदाराला कळू नये? त्यात नव्या सोसायट्यांचा नियम, बाल्कनीत बाहेरून कपडे दिसता कामा नयेत, इमारतीची शोभा जाते. तान्ह्या बाळाचे लंगोट दिसले तर कुणाची शोभा जाते? गच्चीला कुलूप, बाल्कनीला बंदी, मग बाळंतिणीने ते वाळवायचे कुठे? कमिटीत बसलेल्यांनी एकदा उत्तर द्यावंच.

आणि गळलं की लगेच 'कापड वाईट' म्हणू नका, इन्सर्ट हातात घेऊन बघा. पूर्ण भिजलं असेल तर बदलायला उशीर झाला किंवा एक पदर कमी पडला. दिवसा दोन-तीन तासांनी बदलायचंच, 'बारा तास कोरडं' कापडाकडून मागू नका. इन्सर्ट अर्धं कोरडं आणि तरी झबलं ओलं असेल, तर एक तर कापड पाणी पीत नाहीये, म्हणजे तेल किंवा कंडिशनर, नाहीतर मांडीशी फट आहे. इलॅस्टिक चड्डीच्या रेषेत, जांघेत बसायला हवं, मांडीवर खाली नाही. कव्हरच्या काठातून मलमलीचं टोक डोकावत असेल तर तेवढ्यावरूनही ओल झबल्यात चढते. मुलगा असेल तर जाड घडी पुढे, मुलगी असेल तर मध्ये.

'मग विकतचेच बरे' म्हणणाऱ्यांनी एवढा हिशोब करावा. दिवसाला सहा धरले तरी अडीच वर्षांत पाच हजारांच्या वर होतात. आणि ते आपल्या दारातून एक माणूस उचलतो. घनकचरा नियमांप्रमाणे डायपर गुंडाळून वेगळे द्यायचे असतात. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला कधीपासून सांगितलंय. तरी उघडे, शीसकट, ओल्या कचऱ्यात टाकले जातात आणि कुणाच्या तरी हाताला लागतात. ज्यांना विकतचेच वापरायचेत त्यांनी खुशाल वापरावेत, पण शी संडासात टाकून, गुंडाळून, ठिपका काढून द्यावेत.

आणि घरातल्या पुरुषांना: दूध पाजणं सोडून या यादीतलं एकही काम असं नाही जे तुम्हाला येणार नाही. रात्रीचं मशीन तुम्ही लावा, सकाळी दोरीवर तुम्ही घाला. धुणं-भांड्याच्या मावशींवर ते परस्पर ढकलू नका. शीचे लंगोट धुवायला त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा हक्क आहे.

बारशाला काय द्यायचं असा प्रश्न पडला असेल तर ते चित्रांचे तीन पॉकेट डायपर नकोत. मलमलीचे चोवीस चौकोन द्या, दोन लहान कव्हर आणि कपडे वाळवायचा एक घडीचा स्टँड. आणि मलमल खळ जाईपर्यंत धुऊन, वाळवून द्या.